रक्षकाने आखलेली वाट : रोंदोन, शिंगू आणि ॲमेझॉनचे आदिवासी

१/ १९०७. ब्राझीलच्या मातो ग्रोसो प्रांतात तारायंत्राच्या खांबांसाठी मार्ग शोधणाऱ्या लष्करी तुकडीवर झाडीतून बाण सुटले. एक बाण तुकडीप्रमुखाच्या चामडी पट्ट्यात रुतला. सैनिक सूड घेण्यास आतुर होते. प्रमुखाने गोळीबारास मनाई केली आणि माघार घेतली. बाण नांबिक्वारा आदिवासींचे होते. प्रमुखाचे नाव कांदिदो रोंदोन.

२/ रोंदोन (१८६५–१९५८) आईकडून बोरोरो वंशाचे. ‘मरावे लागले तर मरा, मारू मात्र कधीही नका’ हे त्यांचे ब्रीद. त्याचे मोल काळाच्या संदर्भात कळते. त्याच दशकात साओ पावलोच्या संग्रहालयाचे संचालक हेर्मान फोन इयेरिंग यांनी काइंगांग आदिवासींच्या उच्चाटनाचा पर्याय उघडपणे मांडला होता.

३/ या वादातूनच १९१० साली आदिवासी संरक्षण सेवा स्थापन झाली आणि रोंदोन तिचे पहिले प्रमुख झाले. १९१४ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्यासह अज्ञात नदीचा शोध घेताना त्यांचा कुत्रा बाणांनी मारला गेला. रोंदोन यांनी त्या जागी भेटवस्तू ठेवल्या. त्यांचे ब्रीद केवळ कागदावरचे नव्हते, याविषयी शंका नको.

४/ तरीही एक प्रश्न उरतो. ही तुकडी त्या जंगलात मुळात कशासाठी होती? देशाच्या आतल्या भागाला राजधानीशी जोडण्यासाठी. १९१५ साली तारेची ओळ पूर्ण झाली. रेडिओमुळे ती लवकरच कालबाह्यही ठरली. तार निरुपयोगी झाली, वाट मात्र राहिली.

५/ त्याच वाटेच्या आधाराने पुढे बीआर-३६४ महामार्ग झाला. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून तो डांबरी झाला आणि वसाहतकऱ्यांचे लोंढे आत शिरले. रोंदोन यांच्या सन्मानार्थ १९५६ साली ज्या प्रदेशाला ‘रोंदोनिया’ नाव मिळाले, तो आज ब्राझीलमधील सर्वाधिक जंगलतोड झालेल्या राज्यांत गणला जातो.

६/ संरक्षण सेवेचे काय झाले? १९६७ च्या फिगेरेदो अहवालाची सात हजारांहून अधिक पाने त्याचे उत्तर देतात : हत्या, छळ, वेठबिगारी, जमिनींची लूट, आणि त्यात सेवेचेच कर्मचारी सामील. सेवा बरखास्त झाली, ‘फुनाई’ ही नवी संस्था आली. अहवाल मात्र दशकानुदशके गहाळ मानला गेला. तो २०१३ मध्ये पुन्हा उजेडात आला.

७/ दुसरे उदाहरण व्हिलास-बोआस बंधूंचे. १९४३ च्या सरकारी मोहिमेतून ओर्लांदो, क्लाउदिओ आणि लेओनार्दो शिंगू नदीच्या खोऱ्यात पोहोचले आणि तिथल्या लोकांचे कैवारी झाले. त्यांच्या प्रयत्नांतून १९६१ साली सुमारे २६ हजार चौरस किलोमीटरचे शिंगू राखीव क्षेत्र जाहीर झाले. आज उपग्रहचित्रांत ते शेतांच्या वेढ्यातील हिरव्या बेटासारखे दिसते.

८/ याच बंधूंकडे १९७३ साली पनारा जमातीशी संपर्क साधण्याचे काम आले, कारण कुयाबा–सांतारेम महामार्ग तिच्या भूमीतून जाणार होता. ज्या रोगांशी शरीराची ओळखच नव्हती, ते रोग रस्त्याने आले. दोन वर्षांत शेकडो लोकांपैकी ७९ उरले. १९७५ मध्ये त्यांना विमानाने शिंगूत हलवण्यात आले.

९/ इथे एक रास्त आक्षेप येतो : बंधू गेले नसते तरी रस्ता आलाच असता, आणि मग उरलेले ७९ देखील वाचले नसते. हे खरे आहे. पण या युक्तिवादातच खरी अडचण दडलेली आहे. रस्ता ठरवणारे आणि संरक्षक पाठवणारे सरकार एकच होते. संरक्षकाला ‘कसे जायचे’ ते ठरवता येई. ‘जायचे की नाही’ हे नव्हे. पनारांना तर कोणी विचारलेच नाही.

१०/ कायद्यातही हेच प्रतिबिंब होते. १९१६ च्या नागरी संहितेने आदिवासींना अंशतः अक्षम ठरवले होते. पुढे ते सरकारच्या पालकत्वाखाली आले. अज्ञान बालकाचे रक्षण होते, त्याची संमती घेतली जात नाही. रोंदोन यांची करुणा अस्सल होती. तिला मिळालेली चौकट पालकाची होती.

११/ बदल घडला तो ही चौकट मोडल्यावर. १९८७ पासून सिदनी पोसुएलो यांच्या आग्रहाने फुनाईने एकाकी जमातींशी संपर्क टाळण्याचे धोरण स्वीकारले. स्वतः संपर्कमोहिमा केलेल्या माणसाने काढलेला हा निष्कर्ष आहे. १९८८ च्या राज्यघटनेने आदिवासींचा भूमीवरील मूळ हक्क मान्य केला. १९९० च्या दशकात पनारा इरिरी नदीकाठी, आपल्या उरलेल्या भूमीत परतले. न्यायालयात लढून त्यांनी सरकारकडून भरपाईही मिळवली.

१२/ २०२३ मध्ये आदिवासी मंत्रालय स्थापन होऊन सोनिया ग्वाजाजारा मंत्री झाल्या. जोएनिया वापिशाना फुनाईच्या पहिल्या आदिवासी अध्यक्ष झाल्या. संरक्षण सेवेच्या स्थापनेनंतर याला ११३ वर्षे लागली. रोंदोन यांना आदर द्यावा, तो त्यांनी कमावला आहे. मात्र आदिवासी वाचले ते कोणा थोर अन्वेषकाच्या दयेमुळे, असे लिहिणारा इतिहास अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग परत चालत आलेल्या पनारांचा आहे.