मनोरा उभा राहील, वाणी कोण घडविणार?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये देशातील २३४ नव्या शहरांसाठी ७३० खासगी एफ.एम. वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, बार्शी, उदगीर ही त्या यादीतील महाराष्ट्राची काही नावे. मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळावी, हा या निर्णयामागे सांगितलेला हेतू. हेतू स्तुत्यच आहे. परंतु परवाना शुल्क, मनोरा आणि प्रक्षेपक यांचा हिशेब मांडताना एक प्रश्न फारसा विचारला जात नाही. ध्वनिक्षेपकासमोर बसून त्या गावाशी बोलणार कोण, आणि त्याला बोलावयास शिकविणार कोण?

या प्रश्नाचे गांभीर्य वसईच्या किनाऱ्यावर चटकन ध्यानात येते. राजोडी, कळंब, अर्नाळा या पट्ट्यात मुंबईच्या वाहिन्या ऐकू येतात. मुंबईच्या वाहिन्यांवर राजोडी मात्र ऐकू येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. २००५ च्या एफ.एम. धोरणानुसार १० ते २० लाख वस्तीचे शहर ‘ब’ वर्गात मोडत असे. परंतु मुंबईच्या सावलीत वाढलेल्या या शहराला स्वतंत्र बाजारपेठेचा मान मिळाला नाही. २०२४ च्या यादीतही त्याचे नाव नाही. परिणामी ज्या मुलखात कादोडी, वाडवळी, मांगेली या बोली घराघरांत नांदतात, तेथील बागायतदार आणि मच्छीमार अंधेरी-वांद्र्याच्या वाहतूक कोंडीचे वर्णन इमानेइतबारे ऐकत असतो.

हे केवळ अस्मितेचे दुखणे नव्हे. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्यात रेल्वेरुळांवर पाणी चढले आणि उपनगरी गाड्या थांबल्या. अशा दिवशी कोणता रस्ता बंद आहे, वीज केव्हा येईल, हे धीराच्या स्वरात सांगणारा ओळखीचा आवाज किती मोलाचा ठरतो! खासगी वाहिन्यांना स्वतःची बातमीपत्रे देण्याची मुभा २०११ च्या धोरणाने दिली नाही. मात्र हवामान, वाहतूक, परीक्षा, रोजगार, सण-उत्सव, तसेच वीज, पाणी आणि नैसर्गिक आपत्ती यांविषयीच्या प्रशासनाच्या सूचना त्याच धोरणाने बातमीच्या व्याख्येबाहेर ठेवल्या. वाट मोकळी आहे. त्या वाटेने चालणारा निवेदक तेवढा घडवावयाचा आहे.

उसनी बोली, उसना उत्साह

लहान शहरांतील वाहिन्यांचे चित्र काय दिसते? गोड गळ्याचा एखादा तरुण निवडला जातो, यंत्राची कळ कोठे दाबावयाची ते दाखविले जाते आणि त्याला थेट प्रक्षेपणास बसविले जाते. संहिता त्यानेच लिहावयाची, जाहिराती त्यानेच ध्वनिमुद्रित करावयाच्या आणि वेळप्रसंगी प्रायोजकाकडेही त्यानेच जावयाचे. समोर आदर्श म्हणून मुंबईचा आर.जे. असतो. मग मराठी, हिंदी आणि इंग्रजीची खिचडी शिजते आणि उसना उत्साह घसा ताणून ओरडू लागतो. श्रोता दुरावला की मालकाला सोपा उपाय सुचतो: मोठ्या शहरात तयार झालेला एकच कार्यक्रम अनेक गावांना वाढून टाकावयाचा. पण केवळ गाणी हवी असतील तर ती आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलवर आहेत. गावचा सराफ, कापडवाला किंवा शिकवणी वर्गाचा चालक जाहिरातीचे पैसे मोजतो, ते गावात ज्याचे ऐकले जाते त्या आवाजासाठी. तो आवाज हेच लहान वाहिनीचे खरे भांडवल होय.

गळा जन्माचा, निवेदन अभ्यासाचे

अमीन सयानी यांच्यासारख्यालाही आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत, उच्चारांवर गुजराती-इंग्रजीची छाप असल्याच्या कारणावरून, नकार पचवावा लागला होता. आईच्या ‘रहबर’ या पाक्षिकाच्या कामात त्यांची भाषा सोपी झाली आणि १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’ने ती घरोघरी पोहोचविली. गुरूमागे टाळ धरून वर्षानुवर्षे उभा राहिल्यावाचून कीर्तनकारही नारदाच्या गादीवर येत नसे. कीर्तनकाराला निदान समोर सभा दिसते. निवेदकापुढे फक्त भिंत असते. म्हणून हजारोंना उद्देशून बोलण्याऐवजी, स्वयंपाकघरात किंवा दुकानात एकट्याच बसलेल्या श्रोत्याशी बोलण्याची सवय त्याला लावावी लागते.

ही सवय लावण्याची रीत अवघड नाही. नैमित्तिक निवेदकांसाठी आकाशवाणीने ‘वाणी’ अभ्यासक्रम ठेवला. खासगी वाहिनीने निदान एवढे करावे: दोन गाण्यांमधील निवेदने मुद्रित करावीत आणि आठवड्यातून एकदा जाणत्या ज्येष्ठासमवेत ती ऐकावीत. एका निवेदनात एकच मुद्दा असावा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’चा भेद जिभेवर बसावा, गावांची नावे चुकू नयेत. बोली बोलताना थट्टेचा सूर लागू नये. ज्या बोलीत आजी बोलते, तिला विनोदापुरते राबविणे हा अपमानच आहे.

शिकविलेला निवेदक उद्या मुंबई-पुण्यास निघून जातो, अशी मालकांची तक्रार असते. ती खोटी नाही. परंतु शिकलेला जातो म्हणून कोणासच शिकवावयाचे नाही, हे शेत चोरीला जाईल म्हणून पेरणी टाळण्यासारखे झाले. दरवर्षी दोन-तीन नवे आवाज घडविणाऱ्या वाहिनीला एकाच्या जाण्याने सुतक येत नाही. त्याला बरे वेतन दिले, तर कदाचित तो जाणारही नाही.

वसई-विरारने तर लिलावाची वाट पाहण्याचेही कारण नाही. २००६ च्या धोरणाने सामुदायिक रेडिओची दारे स्वयंसेवी संस्थांना उघडली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे त्याचे ठळक उदाहरण. येथील महाविद्यालये, ग्रंथालये आणि व्याख्यानमाला चालविणारी मंडळे एकत्र आली, तर निवेदनाचे वर्ग याच वर्षी सुरू होऊ शकतात. परवाना शासन देईल, प्रक्षेपक बाजारात मिळेल. राजोडीशी राजोडीच्या भाषेत बोलणारा मनुष्य मात्र राजोडीलाच घडवावा लागेल.