हवेचे महत्त्व : मेडशीच्या वावरातून शिकूया



‘हवेचे महत्त्व’ या विषयावर निबंध लिहा म्हटलं की वहीतली पहिली ओळ ठरलेली असते : हवा ही सजीवांची मूलभूत गरज आहे. दुसरी ओळ टक्केवारीची. नायट्रोजन ७८, ऑक्सिजन २१ आणि उरलेल्या एका टक्क्यात आरगॉन, कार्बन डायऑक्साइड वगैरे. मग प्रदूषण, मग झाडे लावा, संपला निबंध. यात चुकीचं काहीच नाही. पण हा निबंध मुंबईच्या मुलानं लिहिला काय आणि आपल्या मेडशीच्या मुलानं लिहिला काय, अगदी सारखाच दिसतो. मला हे खटकतं. कारण हवेबद्दल जे ज्ञान आपल्या वावरात पडलं आहे, ते शहरातल्या मुलाला पुस्तकातही सहज मिळत नाही.

घरी आजोबांना एक प्रश्न विचारून बघा. चांगला पाऊस झाला, तरी दुसऱ्याच दिवशी डवरणीला का जात नाही? ते म्हणतील, “अरे, वाफसा तर येऊ दे!” आता हा वाफसा म्हणजे काय? मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात. चांगल्या जमिनीत जवळपास निम्मी जागा या पोकळ्यांचीच असते. पाऊस पडला की त्या पाण्यानं भरतात आणि आतली हवा बाहेर निघून जाते. मग जास्तीचं पाणी खाली झिरपलं की कणांभोवती ओल राहते आणि मधल्या जागेत पुन्हा हवा शिरते. ओल आणि हवा दोन्ही बरोबर असण्याची ही जी स्थिती, तोच वाफसा. म्हणजे आजोबा जमिनीत हवा परत येण्याचीच वाट बघत असतात!

पुष्कळ मुलांना वाटतं की झाडं ऑक्सिजन देतात, म्हणून त्यांना स्वतःला तो लागत नाही. असं नाही बरं का. झाडाचा प्रत्येक जिवंत भाग श्वसन करतो, मूळसुद्धा. मुळाला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः मातीतल्या हवेतूनच मिळतो. पाण्यातून ऑक्सिजन सरकण्याचा वेग हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटीने कमी असतो. म्हणून श्रावणात झड लागली आणि काळ्या वावरात पाणी साचून राहिलं, की सोयाबीन पिवळं पडतं. आपण म्हणतो पीक पाण्यानं गेलं. खरं तर ते हवेवाचून गुदमरलेलं असतं. वावरात पाणी निघून जायला चर काढणं किंवा रुंद वरंबा-सरीवर पेरणी करणं, ही मुळांच्या श्वासाची सोय आहे. डवरणीनं तण निघतं हे सगळ्यांना दिसतं. पण पावसानं घट्ट बसलेली वरची पपडी फुटून मुळांना हवा मिळते, ते डोळ्याला दिसत नाही.

आता त्या ७८ टक्के नायट्रोजनचं बघू. मुलं हा आकडा पाठ करतात, पण तो आपल्या काय कामाचा, हे कुणी सांगत नाही. आपण श्वासातून तो आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो. पिकालाही तो हवेतून थेट घेता येत नाही. एक हेक्टर वावराच्या डोक्यावर हजारो टन नायट्रोजन तरंगत असतो आणि खाली आपण ४५ किलोची युरियाची गोणी खांद्यावरून आणतो. त्या गोणीतला नायट्रोजनही कारखान्यानं हवेतूनच घेतलेला असतो! सोयाबीन, तूर, हरभरा ही पिकं मात्र हुशार. त्यांच्या मुळांवर गाठी असतात, गाठीत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात आणि ते हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. फुलावर आलेलं सोयाबीनचं एक झाड मुळासकट हळूच खणून काढा. मोठी गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर दिसली तर कारखाना चालू आहे. हिरवट किंवा राखाडी दिसली तर बंद. पाणी साचलेल्या कोपऱ्यातलं झाड आणि उंचावरचं झाड, दोन्ही आणून शेजारी ठेवले तर मास्तरला फार बोलावंही लागणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्या विहिरीत पाण्याऐवजी शेणाचा काला साठवलेला होता. मांजराला काढायला एक जण उतरला आणि बेशुद्ध झाला. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. एक जण वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

ही माणसं अडाणी होती म्हणून गेली, असं कृपा करून म्हणू नका. आपला माणूस डोळ्यांसमोर कोसळला तर कुणीही धावेल. पण शेण आणि पालापाचोळा कुजताना ऑक्सिजन संपतो आणि दुसरे वायू तयार होतात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, तो तळाला बसून राहतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण तो जास्त झाला की नाकाला वास कळेनासाच होतो. म्हणजे ‘वास येत नाही, जाऊ दे आत’ हा हिशेब जीवघेणा. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे, पण तिच्यावरही भिस्त ठेवू नका. शेणाच्या खड्ड्यात मिथेन असतो, तो पेट घेऊ शकतो, आणि विषारी वायू असला तरी दिवा जळत राहू शकतो. असं कुणी पडलं तर दुसऱ्यानं आत उतरायचं नाही. ११२ वर फोन करायचा आणि श्वसनाचं साधन असलेल्या माणसांनाच उतरू द्यायचं. माझ्या मते हवेच्या धड्यात टक्केवारीच्या आधी हे यायला पाहिजे. मेडशीत जुन्या विहिरी, आड आणि शौचालयाच्या टाक्या काही कमी नाहीत.

जाता जाता दिव्याचीच एक गोष्ट. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून वर ग्लास उपडा ठेवायचा, पाणी चढलं की ‘बघा, एक पंचमांश ऑक्सिजन संपला’ असं सांगायचं, हा प्रयोग सगळीकडे होतो. निष्कर्ष मात्र बरोबर नाही. मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. तापून फुगलेली हवा विझल्यावर गार होऊन आकसते, पाणी चढतं ते मुख्यतः म्हणून. प्रयोग जरूर करा, पण कारण खरं सांगा.

आणि धूर. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्याच्या यादीत शेजारचं अकोला आहे, अमरावती आहे. खेड्याची हवा चांगलीच असते असं आपण धरून चालतो. पण उन्हाळ्यात धुरे पेटवतात, कुटार आणि पऱ्हाट्या जाळतात, तेव्हा संध्याकाळी गावात बसवत नाही. दमेकरी म्हाताऱ्यांना विचारा. शिवाय गाठींमधल्या जिवाणूंनी हवेतून आणलेला जो नायट्रोजन त्या कुटारात उरलेला असतो, त्यातला बहुतेक आपण काडी लावून परत हवेत सोडून देतो आणि पुढच्या हंगामात गोणी विकत आणतो. मेडशीच्या आजूबाजूला जंगल आहे, धुऱ्यावरची आग तिकडे न्यायला वाऱ्याची एक झुळूक पुरते.

शिक्षक मित्रांनो, घटक चाचणीत ‘हवेतील घटकांचे प्रमाण लिहा’ हा प्रश्न राहू द्या, एका गुणाला ठीक आहे. त्याच्या खाली हे दोन टाका : पाणी साचलेलं सोयाबीन पिवळं का पडतं? आणि विहिरीत माणूस बेशुद्ध पडला तर तुम्ही काय कराल, काय करणार नाही? दुसऱ्याला चार गुण द्या, आणि उत्तर घरी आई-बाबांना वाचून दाखवायला सांगा.