पाळणाघर बंद, मग ड्युटी चालू कशी?



25 मार्च 2020 पासून देशात टाळेबंदी लागू झाली. प्रवासी गाड्या थांबल्या. मालगाड्या थांबल्या नाहीत. पोस्टमनने दारोदार औषधे आणि पैसे पोचवले. आपण ‘अत्यावश्यक’ ठरलो. केबिनमधली, सॉर्टिंगमधली आपली भगिनीही ठरली. तिचे दोन वर्षांचे लेकरू मात्र कोणाच्याच खिजगणतीत नव्हते! अंगणवाडी बंद, पाळणाघर बंद.

नंतर निर्बंध सैल होऊ लागले. तेव्हा एखाद्या बाईने हिंमत करून दोन खोल्यांत पाळणाघर सुरू करायचे म्हटले, तर तिच्यापुढे काय वाढून ठेवले होते? डिपॉझिट आणि भाडे आगाऊ. सॅनिटायझर, साबण, रोजची धुलाई यांचा जादा खर्च. अंतर राखायचे म्हणून मुले निम्मी, म्हणजे फीही निम्मी. मदतनीस बाईचा पगार मात्र पुरा. आणि लेकराला सहा फुटांवरून भरवायचे कसे, हे नियम करणाऱ्यांनी एकदा करून दाखवावे!

सरकारने मदत केली म्हणतात. कोणाला? 2020 ची आपत्कालीन पतहमी योजना पाहा. 29 फेब्रुवारी 2020 रोजी जेवढे कर्ज बाकी, त्याच्या 20 टक्क्यांपर्यंत नवे कर्ज. जिच्या नावावर कर्जच नव्हते तिला 20 टक्के कशाचे? शून्याचे! त्याच वर्षीचे पीएम स्वनिधीचे 10,000 रुपयांचे कर्ज फेरीवाल्यांसाठी. त्यांना ते मिळाले हे योग्यच झाले. पण पाळणाघरवाली फेरीवालीही नव्हे. ती सगळ्याच याद्यांतून गळाली.

“घरबसल्या मुले सांभाळायची, त्यात कसला धंदा?” असे विचारणारे महाभाग पुष्कळ आहेत. त्यांना आमचा सवाल आहे : तिने दार लावून घेतले, तर सकाळच्या पाळीला किती जणी हजर राहतील?

मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती केली. पण आडवळणाच्या स्टेशनात, गावच्या पोस्टात 50 माणसे आणायची कुठून? तिथे कॉलनीतली ती बाईच आधार.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. रिकामी क्वार्टर्स पाळणाघरांना नाममात्र भाड्याने द्या. त्यांच्या पहिल्या कर्जाला सरकारने हमी द्यावी. पुन्हा साथ आली, तर पाळणाघर चालवणारीला अत्यावश्यक सेवेत धरा. भीक नको, हक्क हवा! प्रत्येक शाखेने हा ठराव करून वर पाठवावा.

कामगार एकजुटीचा विजय असो!