'झपताल' कुणी वाचायचा?

सांताक्रूझ पूर्वेच्या आमच्या वस्तीतल्या नाट्यमंडळाने विंदा करंदीकरांच्या कवितांचे नाट्यवाचन बसवायला घेतले आहे. विंदा तसे शेजारचेच, वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात राहायचे. बापट, पाडगावकर आणि विंदा या तिघांनी गावोगाव फिरून कविता वाचली, म्हणून ती पुस्तके विकत न घेणाऱ्या घरांतही पोचली. आमच्या आयांनी ती श्रोत्यांत बसून ऐकली. व्यासपीठावर तिघेही पुरुषच, हे तेव्हा कुणाला खटकल्याचे मला तरी आठवत नाही.

यादीत 'झपताल' आहेच. पहाटेपासून लहानशा खोलीत वावरणारी बाई आणि तिच्याकडे थक्क होऊन पाहणारा 'मी'. मला ही कविता फार आवडते. घरकामात ताल आहे, हे इतक्या मायेने क्वचितच कुणी ओळखले असेल. पण मैत्रिणींनो, त्यात ती स्वतः बोलत नाही. आणि मंडळाने ठरवले काय, तर कविता पुरुषाने म्हणायची, मागे एक बाई मुक्याने केर काढील, पोळ्या लाटील. म्हणजे रंगमंचावरही तिला कामच!

आम्ही म्हटले, बाईला वाचू द्या. उत्तर आले, "कवी पुरुष आहे, अर्थ बिघडेल." बिघडत नाही, बदलतो. तोच 'तू' एक बाई दुसरीला म्हणते तेव्हा कौतुक मागे पडते आणि "हे सगळं एकटीनंच का गं?" असे ऐकू येते. जोडीला सुमा करंदीकरांच्या 'रास' या आत्मकथनातले एखादे पान वाचावे. कवीच्या घरातल्या बाईने ते स्वतः लिहिले आहे.

खरी अडचण पुढेच आहे. तालीम रात्री साडेआठला! तेव्हा कणीक मळायची असते, मुलांचा अभ्यास असतो, कुणी नुकतीच गाडीच्या गर्दीतून सुटून घरी आलेली असते. चौघींनी नावे दिली, दोघी आठवड्यात गळाल्या. लगेच शेरा, "बायकांना नाटकाची आवड नाही." १९८३ साली ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी उभे केले, ते काय आवड नसताना?

तालीम रविवारी दुपारी ठेवा आणि तेवढा वेळ मुले मंडळातल्या पुरुषांनी सांभाळावीत, असे आम्ही लेखी दिले आहे. अजून उत्तर नाही. तोवर दुपारच्या वेळी आम्ही आमच्याच ओट्यावर 'झपताल' वाचतो आहोत. गळालेल्या दोघीही येतात.