आखाडा सुटला, खुराक राहिला

दोन महिन्यांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ दवाखान्यात आले. वय सत्तरीपुढचे, वजन 104 किलो, कान कुस्तीत मोडलेले. तक्रार गुडघ्यांची होती. कमरेला पट्टा मात्र त्यांना आधार देत आणणाऱ्या पत्नीने बांधला होता. "तरुणपणी हट्ट्याच्या पंचक्रोशीत यांची पाठ कोणी लावली नाही," त्या म्हणाल्या, "आता न्हाणीतून यांना उठवता उठवता माझीच पाठ गेली."

पहिलवानाचे शरीर कामासाठी घडवलेले असते. काम संपल्यावर त्या शरीराचे काय करायचे, हे मात्र कोणी शिकवत नाही. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांची कारकीर्द मला यासाठी आठवते. 1960 साली हिंदकेसरी, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य, 1964 साली टोकियो ऑलिंपिक. पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत ते वस्ताद झाले आणि लाल मातीशी असलेले नाते त्यांनी तुटू दिले नाही. 2018 साली, वयाच्या 83 व्या वर्षी ते निवर्तले. पदकांइतकीच ही दुसरी खेळी मला मोलाची वाटते. गावोगावच्या मल्लांना ती लाभत नाही. आखाडा सुटतो, खुराक तेवढा राहतो.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील. तेथील फुटबॉलमध्ये (तो आपला फुटबॉल नव्हे) चेंडू फेकणाऱ्या सहकाऱ्यावर चालून येणाऱ्यांना अंगाने अडवणारी धिप्पाड खेळाडूंची एक फळी असते. क्लीव्हलँड संघाचा जो थॉमस 2007 पासून या फळीत होता. सलग 10,363 डाव तो एकदाही मैदानाबाहेर गेला नाही. 2017 साली दंडाचा स्नायू फाटला, तेव्हाच थांबला. वजन सुमारे 140 किलो, तेही भुकेपेक्षा कामासाठी खाऊन राखलेले. निवृत्तीनंतर त्याने आहार आवरला आणि वीस किलोंहून अधिक वजन उतरवले.

आपल्या वृद्धांनी ही घाई करू नये. वयानुसार स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते. काट्यावर आकडा तोच दिसतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. उपास केल्यास उरलेले स्नायूही जातात. तूप, साखर, थंडाई कमी करावी. डाळ, दूध, अंडी ठेवावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना जेवण एकदम घटवणे धोक्याचे आहे. जुन्या हजार बैठका आठवून दहाही मारू नयेत. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून, कोणी जवळ असताना, पाच वेळा उठणे-बसणे पुरे.

आणि सांभाळणाऱ्यांनी पडलेल्या माणसाला हात धरून ओढू नये. डोक्याला मार किंवा खुब्यात वेदना असेल तर हलवूच नये, मदत बोलवावी. तसे नसेल तर थोडा दम घेऊ द्यावा, जवळ खुर्ची ठेवावी. त्यांनी गुडघ्यांवर येऊन, बैठकीवर हात रोवून स्वतःच उठावे. आपण फक्त सावरावे.

आमच्या पहिलवानांच्या न्हाणीत आता भिंतीला लोखंडी दांडा बसवला आहे. पत्नीच्या कमरेचा पट्टा सुटला. दुधाचा तांब्या अर्ध्यावर आणायला ते राजी झाले; तुपावर मात्र आमची झोंबी अजून चालू आहे.