नियम दर्शनी फलकावर हवा

संप झाला की बातमी होते. टाळेबंदी झाली की तिची चर्चा विधिमंडळापर्यंत जाते. परंतु नोकरदार माणसाचे मन दररोज ज्या गोष्टींनी कुरतडले जाते, त्यांची बातमी कधीच होत नाही. लोकल वीस मिनिटे उशिरा आली म्हणून लागलेला लेट मार्क आणि असे तीन लेट मार्क झाल्यावर कापलेली अर्ध्या दिवसाची रजा; वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी मागितलेली आणि 'सध्या माणसे कमी आहेत' या एका वाक्यात नाकारलेली सुट्टी; पाळी बदलल्याचा रात्री अकरा वाजता मोबाइलवर आलेला निरोप; राजीनामा दिल्यावर महिनोन् महिने न मिळणारे कार्यमुक्ती पत्र. चाकणच्या कारखान्यात, हिंजवडीच्या संगणक कंपनीत, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा मुंबईच्या एखाद्या विमा कार्यालयात यांचे तपशील वेगळे असतील. पण संध्याकाळी घरी परतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची खिन्नता सारखीच असते. तिची झळ त्याच्या पत्नीला, मुलांना आणि वृद्ध आईवडिलांनाही लागते.

या गोष्टी क्षुल्लक आहेत, असे म्हणण्याचा मोह व्यवस्थापनाला होतो. हा मोह किती महागात पडतो, याचे उदाहरण हरियाणातील मानेसरने घालून दिले आहे. तेथील मारुती सुझुकीच्या कारखान्यात २०११ मध्ये असंतोष उफाळला, तेव्हा स्वतंत्र कामगार संघटनेच्या मान्यतेबरोबरच चहाची मोजक्या मिनिटांची सुट्टी, रजा घेतल्यास पगारातील प्रोत्साहन रकमेला बसणारी कात्री, अशा रोजच्या तक्रारी त्यामागे होत्या. त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस सद्वर्तनाच्या हमीपत्रावर सही केल्याखेरीज कामगारांना आत घेण्यास नकार देण्यात आला आणि तो तिढा महिनाभराहून अधिक काळ चालला. संवादाची दारे एकदा बंद झाली की ठिणगीला निमित्त लागत नाही. १८ जुलै २०१२ रोजी एक कामगार आणि त्याचा पर्यवेक्षक यांच्यातील बाचाबाचीनंतर हिंसाचाराचा आगडोंब उसळला. मनुष्यबळ विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा त्यात मृत्यू झाला. कारखान्याला महिनाभर टाळे लागले. २०१७ मध्ये न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप झाली. ११७ जण निर्दोष सुटले, पण त्यांच्या आयुष्यातील गेलेली वर्षे कोणी परत दिली नाहीत. हिंसेचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. मात्र इतक्या खोल गेलेल्या कटुतेचा उगम शोधताना हमीपत्रापर्यंत, रजेपर्यंत आणि चहाच्या सुट्टीपर्यंत मागे जावे लागते, हेही नाकारता येत नाही.

नियम हा माणसाचा शत्रू नव्हे. नियमांवाचून ना कारखाना चालतो, ना कार्यालय. सामान्य नोकरदार स्वभावतः शिस्तप्रिय असतो. पहाटेचा डबा करून देणारी गृहिणी आणि तो घेऊन साडेसातची गाडी गाठणारा तिचा पती यांना वेळेचे महत्त्व शिकवण्याची गरज नाही. त्यांचे मन दुखावते ते तीन कारणांनी. पहिले, नियम आधी ठाऊकच नसतो. तो मोडल्यावर कळतो. दुसरे, नियम सर्वांना सारखा नसतो. साहेबांच्या मर्जीतल्या माणसाचा उशीर 'वाहतुकीमुळे' असतो आणि इतरांचा उशीर 'बेशिस्तीमुळे'. तिसरे, ज्याने शिक्षा केली त्याच्याकडेच दाद मागावी लागते. ही तीन कारणे दूर झाली तर कठोर नियमही माणूस मुकाट्याने पाळतो. ती कायम राहिली तर सौम्य नियमही अपमानासारखा वाटतो.

हा विचार परदेशी व्यवस्थापनशास्त्राने भारताला शिकवलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणात कामगार आणि मालक यांच्या संबंधांचा स्वतंत्र विचार आहे. कामगार आणि त्याला कामावर ठेवणारा यांच्यात काय ठरले आहे, हे शेजारपाजारच्या लोकांना माहीत असावे, असे तेथे सांगितले आहे. करार चार भिंतींआड होऊ नये, त्याला साक्षी असावेत, हा त्यामागचा हेतू उघड आहे. ठरलेले वेतन न देणाऱ्या मालकाला दंड आहे; त्याचप्रमाणे वेतन घेऊन काम न करणाऱ्या कामगारालाही दंड आहे. आणि याच प्रकरणात, जो आजारी आहे किंवा संकटात सापडला आहे अशा कामगाराला सवलत मिळावी किंवा ते काम दुसऱ्याकडून करून घेण्याची मुभा असावी, असेही म्हटले आहे. उघडपणा, दोन्ही बाजूंना बंधन आणि अडचणीतील माणसाबद्दल सहृदयता ही तीन सूत्रे इतकी जुनी आहेत. आजारपणाची रजा मागणाऱ्याकडे संशयाने पाहणाऱ्या आधुनिक अधिकाऱ्याने ती एकदा डोळ्यांखालून घालावीत.

आधुनिक काळात याच सूत्रांसाठी मुंबईच्या गिरणगावाला झगडावे लागले. आज रविवारची सुट्टी हा निसर्गनियम वाटतो. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून हजारो सह्यांचे निवेदन दिले आणि त्यानंतर सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. मालकाच्या मर्जीतील गोष्ट सर्वांना ठाऊक असलेला नियम झाली, हे त्या विजयाचे खरे स्वरूप होते. पुढे १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने सेवाशर्ती लेखी ठरवण्याची पद्धत आणली. डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील कामगार चौकशी समितीने, कामगाराला आपल्या नोकरीच्या अटी व शिस्तीचे नियम जाणून घेण्याचा हक्क आहे, अशी भूमिका घेतली आणि १९४६ मध्ये औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला.

या कायद्याची रचना मुळातून समजून घेण्यासारखी होती. पाळ्या, हजेरी व उशीर, रजेची पद्धत, प्रवेशद्वारावरील झडती, गैरवर्तनाची व्याख्या, निलंबन आणि तक्रार निवारण या विषयांवर मालकाने नियमांचा मसुदा करायचा. तो प्रमाणन अधिकाऱ्याकडे द्यायचा. अधिकाऱ्याने कामगार संघटनेचे आक्षेप ऐकायचे. १९५६ च्या दुरुस्तीनंतर नियम न्याय्य आणि वाजवी आहेत की नाहीत, हे तपासण्याचा अधिकारही त्याला मिळाला. आणि मंजूर झालेले नियम प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे बंधनकारक झाले. दंडाच्या बाबतीत १९३६ चा वेतन अदायगी कायदा असाच दक्ष होता. कोणत्या कृत्यांसाठी दंड होईल, ते आधी जाहीर करायचे. कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय दंड करायचा नाही. दंडाची रक्कम वेतनाच्या तीन टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायची नाही. आणि जमा झालेला दंड मालकाच्या तिजोरीत न जाता कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हायला हवा. दंड हे शिस्तीचे साधन आहे, कमाईचे नव्हे, हे तत्त्व त्यात होते. किती कार्यालयांतील लेखापालांना आज ते आठवते?

हा सारा इतिहास आठवण्याचे कारण असे की २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४६ चा कायदा औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला. एकोणतीस कायद्यांच्या जंजाळाऐवजी चार संहिता आल्या, हे स्वागतार्हच आहे. कायद्यांची संख्या वाढली की कामगाराचे हित वाढते, असा अनुभव नाही. तथापि एक बदल डोळसपणे पाहिला पाहिजे. जुना कायदा देशात सर्वसाधारणपणे शंभर कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि महाराष्ट्रात ती मर्यादा पन्नासवर आणलेली होती. नव्या संहितेत ती तीनशे झाली आहे. म्हणजे साठ, शंभर किंवा अडीचशे माणसे काम करतात अशा कारखान्याला आपले नियम कोणाकडून तपासून घेण्याचे बंधन राहिलेले नाही. लहान उद्योजकाची कागदपत्रांतून सुटका व्हावी, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींचा कणा याच आकाराच्या कारखान्यांचा आहे. वेतन आणि सामाजिक सुरक्षा या संहितांचे स्वागत करणाऱ्या भारतीय मजदूर संघानेही औद्योगिक संबंध संहितेतील काही तरतुदींवर आक्षेप घेतले होते, ते याच काळजीपोटी.

याच संहितेत कामगाराच्या हाती एक उपयुक्त साधनही दिलेले आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, एकूण दहापर्यंत, आणि महिलांना पुरेसे स्थान. तक्रारीचे कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो आणि समितीने तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. वेतन संहितेनेही राजीनामा दिलेल्या वा काढून टाकलेल्या माणसाचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले आहे. तरतूद चांगली आहे. पण अशी समिती जुन्या कायद्यातही २०१० पासून होती आणि कित्येक ठिकाणी ती तपासनिसाला दाखवण्याच्या कागदावरच राहिली. समितीवर कोण आहे, हे जेथे कामगारालाच ठाऊक नसते, तेथे समिती असून नसल्यासारखी असते.

पांढरपेशा वर्गाची अडचण निराळी आहे. व्यवस्थापक आणि ठरावीक वेतनापुढील पर्यवेक्षक कायद्याच्या दृष्टीने 'कामगार'च नाहीत. त्यांचा सारा आधार नेमणूकपत्रावर, आणि ते पत्र न वाचता सही करण्याची सवय सार्वत्रिक. न्यायालये याबाबत काय म्हणतात, हे दोन निकालांवरून दिसते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाचा, कायम कर्मचाऱ्याला केवळ नोटीस देऊन विनाकारण काढण्याचा नियम रद्द ठरवला. सौदाशक्ती विषम असताना लादलेली अन्यायकारक अट टिकणार नाही, असे बजावले. दुसरीकडे २०२५ मध्ये याच न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध मानली. अन्याय्य अट न्यायालय मोडू शकते. वाजवी अटीवर सही केली तर ती पाळावी लागते. म्हणून घरातील मुलगा वा मुलगी पहिल्या नोकरीला लागते, त्या दिवशी पेढे वाटण्याआधी नेमणूकपत्रातील नोटीस कालावधी, बाँड आणि बदलीची कलमे कुटुंबाने एकत्र बसून वाचणे शहाणपणाचे आहे.

हक्कांची ही चर्चा कर्तव्यांवाचून अपुरी राहील. खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन घेतलेली रजा सहकाऱ्याच्या माथी दुसरी पाळी मारते. दुसऱ्याच्या नावावर हजेरी लावणारा प्रामाणिक माणसाचीही झडती ओढवून घेतो. संघटनेच्या बळावर कामचुकारांना पाठीशी घालणारे पुढारी खऱ्या तक्रारीचे वजन घालवतात. 'नियमाप्रमाणे काम' हे आंदोलनाचे हत्यार ठरते, याचा अर्थ एरवी काम नियमापलीकडच्या आपुलकीने चाललेले असते. ती आपुलकी हेच उद्योगाचे खरे भांडवल आहे. दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगाकडे दोन वर्गांचे रणांगण म्हणून न पाहता एक कुटुंब म्हणून पाहण्याचा आग्रह धरला, त्याचा आशय हाच. मात्र कुटुंब म्हणायचे तर कुटुंबाची रीतही पाळली पाहिजे. घरातला कर्ता एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय लावू लागला की घर फुटते.

तेव्हा कायद्याने बंधन असो वा नसो, लहान-मोठ्या प्रत्येक उद्योजकाने काही गोष्टी स्वतःहून कराव्यात. नियम सोप्या मराठीत लिहून दर्शनी फलकावर लावावेत. नवा नियम करण्यापूर्वी ज्यांना तो पाळायचा आहे त्यांच्याशी बोलावे. रजा नाकारताना कारण लेखी द्यावे. तक्रार निवारण समितीच्या सदस्यांची नावे त्याच फलकावर असावीत आणि तिची बैठक नियमित व्हावी. आणि लेट मार्क वरच्या मजल्यावरील केबिनलाही लागावा. यासाठी फार खर्च येत नाही. मनाचा थोडा मोठेपणा लागतो. कामगार कार्यकर्त्यांनीही मागणीपत्रात पगारवाढीबरोबर या साध्या गोष्टींना स्थान द्यावे, कामगारांना नियम वाचून दाखवावेत आणि समितीची जागा जेथे रिकामी असेल तेथे ती भरून घ्यावी.

स्पर्धेच्या जगात भारताला कारखानदारीचे केंद्र व्हायचे आहे. त्यासाठी यंत्रे आयात करता येतील, भांडवल उभे करता येईल; मन लावून काम करणारा माणूस मात्र विकत मिळत नाही. नियम आधी कळवणे, तो सर्वांना सारखा लावणे आणि चूक झाली तर शांतपणे ऐकून घेणे, इतक्या गोष्टींनी तो घडतो. संहितेने तीनशेची मर्यादा घातली आहे. न्यायबुद्धीला अशी मर्यादा नसते.