एक पेला दूध आणि आपल्या बायांचा थकवा



तासगाव तालुक्यात द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या बायांना विचारा, अंगात काय होतंय. हातपाय गळतात, सकाळी उठू वाटत नाही, डोळ्यांपुढं अंधारी येते. मग विचारा, यावर तुम्हाला कोण काय सांगतं. नवरा, शेजारीण, बागमालक, शाळेतल्या बाई, सगळ्यांचं उत्तर एकच असतं: "रोज एक पेला दूध पीत जा." फारच झालं तर एक सलाईन. त्या सलाईनवर वेगळा लेख लिहावा लागेल. आज या एका पेल्याबद्दल बोलू.

दूध म्हणजे पूर्णान्न, हे आपल्याला लहानपणापासून घोकवलेलं आहे. आपला भाग तर दुधाचाच. शेजारच्या पलूस तालुक्यात भिलवडीला १९३९ पासून चितळ्यांची डेअरी आहे, आणि गावोगाव सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागते. दुधावर अनेकांचा संसार चालतो, हे मी नाकारत नाही. पण जे विकून संसार चालतो, ते प्रत्येकाच्या पोटाला मानवेलच, असा नियम कुणी केला?

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळात ते भरपूर असतं, मोठेपणी बहुतेक माणसांत कमी होतं. जगातल्या साधारण दोनतृतीयांश लोकांचं असंच आहे. मोठेपणीही ते टिकून राहणं हा अपवाद आहे: उत्तर युरोपात, आपल्याकडे वायव्य भारतात आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणाऱ्या काही समूहांत तो जास्त आढळतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात उत्तरेकडच्या सुमारे २७ टक्के, तर दक्षिणेकडच्या सुमारे ६७ टक्के लोकांना लॅक्टोज नीट पचत नसल्याचं दिसलं. म्हणजे दूध न पचणं हा रोग नाही. ज्यांना पचतं त्यांचं पोट देशाचं माप ठरलं, एवढंच.

आता थकव्याचं. दूध न पचल्यामुळं थेट थकवा येतो, असं विज्ञान ठामपणे म्हणत नाही. काहीजण तशी तक्रार करतात, पण पुरावा पोटफुगी, गॅस, कळा आणि जुलाब यांचाच पक्का आहे. मात्र बागेतल्या बाईला आडवाटेनं थकवा कसा येतो, ते बघा. तिनं सल्ला मानून पहाटे दूध घेतलं, बागेत पोचेपर्यंत पोट गुरगुरायला लागलं. बागेत संडास नाही. मग ती दुपारपर्यंत काही खात नाही, पाणीही पीत नाही. उपाशीपोटी उन्हात हात वर करून दिवसभर घड विरळायचे आणि संध्याकाळी ऐकायचं, "हिला कामाचा कंटाळा." हा थकवा कोणत्या रिपोर्टात दिसणार?

दुसरी वाट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हा आकडा ६८.९ टक्के आहे. दुधात लोह जवळपास नसतंच. उलट त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोह शोषायला अडथळा करतं. जेवणावर लगेच चहा घेतला तरी तेच होतं. म्हणजे अंगात रक्त नसलेल्या बाईला आपण दुधाचा सल्ला देतो आणि औषध दिल्याचं समाधान मिळवतो!

लोह कशात असतं? काळजात, रक्तीत, मटणात. जे आपल्या आज्या शिजवत होत्या आणि ज्याची लाज वाटायला आपल्याला शिकवलं गेलं, त्यात. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' याच ताटाबद्दल आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाच्या ताटातलं स्वस्तातलं लोह कायद्यानं काढून घ्यायचं आणि वर दूध प्या म्हणायचं, याला आहारसल्ला म्हणत नाहीत.

यावर आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "अहो, दूध-तूप आपल्याला नाकारलं होतं, आता पिणं हाच विद्रोह." मुद्दा खरा आहे. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्याची हकीकत सांगितली आहे: अस्पृश्यांच्या पंगतीत तूप वाढलं म्हणून सवर्णांनी जेवणाऱ्यांवर हल्ला केला. पण बाबासाहेबांचा लढा काय खायचं हे माणसानं स्वतः ठरवावं यासाठी होता. काल "तूप खाल तर खबरदार" म्हणणारा आज "अंडं खाल तर खबरदार" म्हणतो. ताटाची मालकी कुठं बदलली?

सुजाताच्या खिरीचा दाखलाही येतो. सिद्धार्थानं खीर घेतली ती शरीर उपाशी ठेवून ज्ञान मिळत नाही हे कळल्यावर. त्यातून शिकायचं ते देहदंड सोडायचं. आणि कालामांना बुद्धांनी सांगितलं की परंपरेनं आलं म्हणून मानू नका, स्वतः अनुभवून पाहा. तेच दुधाबाबत करा. दोन आठवडे दूध बंद करून पोट कसं राहतं ते पाहा. ताक-दही अनेकांना सोसतं, थोडं दूध जेवणाबरोबर बहुतेकांना चालतं. लहान बाळांवर मात्र हे प्रयोग नकोत. आणि अंडी-मासे-मटण न खाता दूध सोडलं, तर बी-१२ कमी होऊन थकवा वाढेल, हेही ध्यानात ठेवा. जुलाब थांबत नसतील, वजन उतरत असेल, तर डॉक्टरकडं जा; जंतुसंसर्गानं आतडं बिघडलं तरी दूध पचेनासं होतं. थकवा राहिलाच तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या.

शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय राज्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला आणि शाळांना सांगितलं, हवं तर लोकवर्गणीतून द्या. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अंडी देणारी योजना मात्र याच राज्याची, आणि तिचं नाव आहे 'अमृत आहार'. म्हणजे अंडं अमृत आहे हे सरकारला ठाऊक आहे. मग आमच्या वस्तीतल्या पोरांच्या अंड्यासाठी वर्गणी कुणी काढायची, विरळणीच्या हजेरीवर जगणाऱ्या त्यांच्या आयांनी?

येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा: शाळेत सरकारी खर्चानं अंडं, उपकेंद्रात बागेतल्या बायांची हिमोग्लोबिन तपासणी, आणि हंगामात बागेवर संडासाची सोय. ठराव लेखी द्या आणि पोच घ्या.